आयडल आणि इंडी गेमांबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेतल्या कारखान्याच्या शिफ्टमध्ये, शहापूरच्या भावकीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला तेच तेच प्रश्न येतात. (इंडी म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, एकट्याने किंवा छोट्या टोळीने बनवलेले खेळ. आयडल म्हणजे काय ते खाली येतंच.) त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय. मतं सगळी माझी आहेत. पटली नाहीत तर खुशाल भांडा, बेळगावात वादाला माणूस कधी कमी पडत नाही.

आयडल गेम म्हणजे नेमकं काय?

जो खेळ तुम्ही खेळत नसतानाही पुढे सरकतो, तो आयडल गेम. सुरुवातीला एखादं बटण दाबून काहीतरी जमवायचं, जमलेल्यातून ते बटण आपोआप दाबणारं काहीतरी विकत घ्यायचं, मग त्याहून मोठं काहीतरी. पुढे हात मोकळे आणि आकडे पळतायत. आई मागून येऊन "काय करालास रे?" विचारते, खात्यातले कन्नड दोस्त "येन माडाकत्ती?" विचारतात, आणि उत्तर एकच, "काही नाही". ते उत्तर खरंही असतं.

याचं मूळ एका थट्टेत आहे. २००२ मध्ये 'प्रोग्रेस क्वेस्ट' नावाचा खेळ आला. त्यात पात्र तयार केलं की तुमचं काम संपलं. लढाया, खरेदी, लेव्हल सगळं तो स्वतःच करतो. त्या काळच्या ऑनलाइन रोलप्लेइंग खेळांत लोक तासन्‌तास तेच राक्षस मारत बसायचे, त्यांची ती टर होती. २०१३ मध्ये फ्रान्सच्या ज्युलियन तिएनोने, म्हणजे 'ऑर्टेल'ने, 'कुकी क्लिकर' काढला आणि थट्टेचा धंदा झाला. धंदा म्हणजे शिवी नव्हे, कुकी क्लिकर ब्राउझरमध्ये आजही फुकट आहे.

पण आकडे वाढताना बघण्यात खेळ कुठाय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कुकी क्लिकरचंच घ्या. त्यात कुकी, म्हणजे बिस्किटं, जमवायची आणि त्याच कुकी देऊन आणखी कुकी करणाऱ्या आज्या, शेतं वगैरे विकत घ्यायची. पहिली आजी १०० कुकींना मिळते आणि सेकंदाला एक कुकी भाजते. दर आजीमागे पुढच्या आजीचा भाव १५ टक्क्यांनी चढतो. पहिलं शेत ११०० ला, पण ते सेकंदाला ८ देतं. आता तुमच्याकडे तीन आज्या आहेत. थेट शेतासाठी साठवायचं, की आधी चौथी आजी घ्यायची?

कागद घ्या. तीन आज्यांवर ११०० जमायला साधारण ३६७ सेकंद लागतात. चौथी आजी १५२ च्या आसपास पडते, म्हणजे ५१ सेकंद. त्यानंतर चार आज्यांवर ११०० जमायला २७५. एकूण ३२६. म्हणजे आधी आजी घेऊनही शेत चाळीस सेकंद लवकर येतं, वर एक आजी जास्तीची. पाचवीचं गणितही जमतं, अकरा सेकंद वाचतात. सहावीला मात्र तीन सेकंद तोटा. म्हणून पाच आज्यांवर थांबायचं आणि शेताला लागायचं. (हाताने केलेले क्लिक यात धरलेले नाहीत.)

आमच्या खात्यात नवीन फिक्स्चर, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) धरून ठेवायचा साचा, बनवायचं की आहे त्यावरच जॉब ओढायचे, हे ठरवताना अगदी हाच हिशोब होतो. फिक्स्चर बनवण्यात गेलेला वेळ पुढच्या किती जॉबमध्ये वसूल होणार? आयडल गेममधला खेळ तो एवढाच: आज खर्च की उद्यासाठी साठवण. ज्या खेळात हा प्रश्न खरोखर पडतो तो चांगला. ज्यात दिसेल ते बटण दाबत गेलं तरी चालतं, तो नुसता पंखा.

१५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. दर पाच खरेदींना भाव दुप्पट होतो. कुकी क्लिकरमधला पहिला कर्सर, म्हणजे तुमच्यासाठी आपोआप क्लिक करणारा बाण, १५ कुकींना असतो, शंभरावा दीड कोटींच्या वर जातो.

एवढे मोठे आकडे कशाला?

भाव गुणाकाराने चढतात, एका इमारतीचं (आजी, शेत यांना खेळात हेच म्हणतात) उत्पन्न बेरजेने. मग खेळ चालता ठेवायला मोठ्या इमारती आणि उत्पन्न दुप्पट करणारी अपग्रेड ओतत राहावी लागतात. आपल्याकडे एकं, दहं, शतं करत भास्कराचार्य परार्धापर्यंत येऊन थांबले, म्हणजे एकावर १७ शून्यं. कुकी क्लिकरमध्ये परार्ध म्हणजे किरकोळ, पहिल्या काही दिवसांतच मागे पडतो.

या वेडाचं टोक म्हणजे 'अँटीमॅटर डायमेन्शन्स' (२०१६). कॉम्प्युटर ज्या ६४ बिटांच्या साच्यात दशांशाचे आकडे ठेवतो, त्यात एकावर ३०८ शून्यांच्या थोडं पुढे मावतच नाही. या खेळाने तीच भिंत 'इन्फिनिटी' म्हणून वापरली: तिथे पोचलात की सगळं कोसळतं, एक इन्फिनिटी पॉइंट हातात पडतो आणि पहिल्यापासून सुरू. मशीनची मर्यादाच खेळाचं वळण केली. मला हे फार आवडलं. खेळ मात्र काही महिने खातो, आणि मधला बराच भाग रटाळ आहे.

पहिल्यांदा कुठला खेळू?

'अ डार्क रूम' (२०१३, मायकेल टाउनसेंड). ब्राउझरमध्ये फुकट, चित्रं नाहीत, फक्त अक्षरं. खोली थंड आहे आणि शेकोटी पेटवायचं एक बटण आहे. मग लाकूड येतं, एक अनोळखी बाई येते, झोपड्या उभ्या राहतात, आणि थोड्या वेळाने कळतं की हा आपण समजत होतो तो खेळच नाही. पुढचं सांगणार नाही. कुणी सांगायला लागलं तर कान झाका. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका, वाक्यं चार-पाच शब्दांची आहेत.

त्यानंतर 'युनिव्हर्सल पेपरक्लिप्स'. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गेम सेंटरमध्ये शिकवणाऱ्या फ्रँक लँट्झचा, २०१७ चा. तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी एक कल्पना मांडली होती: एका हुशार यंत्राला फक्त कागदाच्या क्लिपा बनवायला सांगितल्या, तर ते सगळ्या जगाच्याच क्लिपा करून टाकेल. या खेळात ते यंत्र तुम्ही आहात. सुरुवात साधी: तार विकत घ्या, क्लिपा करा, किंमत खालीवर करून खप बघा. किंमत जास्त ठेवली तर माल पडून राहतो, कमी ठेवली तर तारेचे पैसे निघत नाहीत. हा पहिला भाग इतका घट्ट बांधलाय की दुकान चालवणाऱ्या कुणालाही पाच मिनिटांत कळेल. मग तुम्हाला माणसांचा विश्वास मिळू लागतो, विश्वासातून प्रोसेसर आणि मेमरी मिळते, आणि एका क्षणी पैशांची खिडकी पडद्यावरून गायबच होते. आता पैसे लागत नाहीत. त्या जागी कारखाने, ड्रोन, आणि शेवटी आकाशात सोडलेली यानं. सगळं विश्व संपलं की ज्या यंत्रणेने क्लिपा केल्या तिच्याही मोडून क्लिपा करायच्या. मग खेळ संपतो.

"संपतो" हा शब्द महत्त्वाचा आहे. एका सुट्टीच्या दिवसात होतो, आणि नंतर तो तुम्हाला बोलावत नाही. आयडल खेळाबद्दल माझी एकच कसोटी आहे: तो सोडतो का? या दोघांना पैकीच्या पैकी.

म्हणजे कुकी क्लिकर वाईट?

नाही. त्यात आज्या बंड करतात, पानाच्या कडेने सुरवंटासारखे प्राणी येऊन कुकी चोखतात आणि फोडले की खाल्लेल्याहून जास्त परत देतात, शेअर बाजार आहे, बाग आहे. विनोदी डोकं आहे त्यामागे. पण शेवट नाही. सगळं सोडून पहिल्यापासून सुरू करायचं आणि बदल्यात कायमची थोडी वाढ घ्यायची, याला प्रेस्टीज म्हणतात. पहिला प्रेस्टीज गंमत, दुसरा सराव, पुढचे नोकरी. तिसऱ्यानंतर मी टॅब बंद केला आणि काही बिघडलं नाही.

रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवतोस? बिलाचं काय?

ठेवत नाही. हिशोब करा: साधा डेस्कटॉप १०० वॅट धरला तर आठ तासांना ०.८ युनिट, महिन्याला २४. कर्नाटकात गृहज्योती, म्हणजे फुकट विजेची योजना, आहे खरी, पण तुमचा फुकट कोटा आधीच्या सरासरी वापरावर थोडी सूट धरून ठरतो, आणि २०० युनिटच्या वर गेलात तर सगळंच बिल भरायचं. आधीच काठावर असाल तर कुकीज महागात पडतील. घरचे विचारतील ते वेगळंच.

शिवाय गरजही नाही. 'मेल्व्हर आयडल' बंद असतानाही २४ तासांपर्यंतचं काम मोजून ठेवतो. 'अ‍ॅडव्हेंचर कॅपिटलिस्ट'मध्ये मॅनेजर ठेवलात की लिंबू सरबताचा गाडा तुमच्याशिवाय चालतो. कुकी क्लिकर मात्र बंद असताना काहीच देत नाही, पहिल्या प्रेस्टीजनंतर एक खास अपग्रेड घेतलं तर चिमूटभर देतो.

पावसात लाईट गेली की सगळं जातं का?

खानापूरकडचे लोक हे हमखास विचारतात, आणि बरोबर विचारतात. कुकी क्लिकर दर मिनिटाला स्वतः सेव्ह करतो, त्यामुळे गेलं तर मिनिटभराचं जातं. खरा धोका ब्राउझरचा डेटा साफ करण्यात आहे: हे खेळ सेव्ह ब्राउझरमध्येच ठेवतात, आणि भाच्याने "लॅपटॉप फास्ट करून देतो मामा" म्हणून एखादं क्लीनर फिरवलं की संपलं. सेटिंग्जमध्ये 'एक्सपोर्ट सेव्ह' असतं. त्यातून अक्षरांची लांबच लांब माळ मिळते, ती कॉपी करून स्वतःला मेल करा.

'बनाना'मध्ये नुसतं केळं दाबून पैसे मिळतात म्हणे?

पैसे नाहीत, स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पाकिटातली शिल्लक. २०२४ च्या जूनमध्ये एकाच वेळी नऊ लाखांच्या वर खाती हा खेळ उघडून बसली होती. त्यांतली ढीगभर बॉट, म्हणजे माणसाशिवाय प्रोग्रॅमने चालवलेली, होती, हे बनवणाऱ्यांनीही लपवलं नाही. दर काही तासांनी एक केळ्याचं चित्र मिळतं, ते बाजारात विकायचं, बहुतेकांना काही पैसे येतात. पैसे म्हणजे रुपयाचे शंभर असतात ते. सोडून द्या.

याच्याही आधी, २०१० मध्ये, इयन बोगोस्ट यांनी फेसबुकवर 'काऊ क्लिकर' काढला होता: सहा तासांतून एकदा गाय दाबायची, बस. फेसबुकच्या खेळांची खिल्ली म्हणून काढला आणि लोक खरंच खेळू लागले. शेवटी २०११ मध्ये त्यांनी सगळ्या गायीच नाहीशा केल्या. आमच्या गल्लीत ऐकवली की सगळ्यात जास्त हशा मिळवणारी गोष्ट ही.

पोरगा कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो. जुगार आहे का तो? (शेजारच्या काकूंकडून)

काकू, तो 'बलाट्रो' असेल, तर जुगार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कॅनेडियन माणसाने 'लोकलथंक' या टोपणनावाने काढला. पोकरचे हात आहेत, पण समोर कुणी नाही आणि डावावर एक रुपयाही लावायचा नसतो. गुणांचं गणित आहे: फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) लागला तर ३५ गुणिले ४, जोडी लागली तर १० गुणिले २, आणि जोकर घेत गेलं की हे दोन्ही आकडे फुगतात. कुठला जोकर घ्यायचा, कुठला विकायचा, हाच खेळ. युरोपातल्या वयाच्या पाटीवाल्यांनीही त्याला आधी १८ वर्षांवरचा ठरवला होता, २०२५ मध्ये तो १२ वर आणला.

खरा जुगार म्हणजे मोबाईलवर रमीच्या जाहिराती यायच्या तो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. बलाट्रोचं भय पैशांचं नाही, काकू, परीक्षेचं आहे. "अजून एक डाव" म्हणत रात्रीचे दोन वाजतात. लक्ष ठेवायचं तर त्यावर ठेवा.

'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' एवढा का गाजला?

लुका गलान्ते या माणसाने आधी जुगाराच्या मशीनच्या धंद्यात काम केलं होतं. बक्षिसाची पेटी उघडताना दिवे, नाणी, संगीत कसं असावं हे त्याला पक्कं ठाऊक. ते ज्ञान त्याने स्वस्तातल्या, एकदाच पैसे घेणाऱ्या खेळात ओतलं. तुम्ही फक्त चालायचं, हत्यारं आपोआप चालतात, अर्ध्या तासात डाव संपतो. २०२३ च्या बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट खेळ ठरला, समोर 'एल्डन रिंग'सारखा बडा खेळ असताना. माझं मत: पहिले दहा तास सोनं, पुढे गुणाकारच गुणाकार.

'पेपर्स, प्लीज' सीमाभागातल्या माणसाने खेळावा का?

खेळावाच. लुकास पोपचा, २०१३ चा. आर्स्टोत्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या नाक्यावर तुम्ही कारकून आहात, साल १९८२. पासपोर्ट बघा, फोटो जुळवा, मुदत तपासा, शिक्का मारा. दर माणसामागे ५ क्रेडिट. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. संध्याकाळी घरभाडं, जेवण, शेगडी, आजारी मुलाचं औषध.

करोनात महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर रिपोर्ट दाखवून ज्यांनी पलीकडची आजारी आत्या गाठली, त्यांना खिडकीबाहेरच्या माणसाचं काय होतं हे ठाऊक आहे. हा खेळ तुम्हाला खिडकीच्या आत बसवतो. नवऱ्याचे कागद बरोबर, मागून येणाऱ्या बायकोचा एक परवाना नाही, आणि घड्याळ पुढे सरकतंय. तिला सोडलंत तर चुकीची चिठ्ठी निघते आणि त्या रात्री शेगडी बंद राहू शकते. मी इथे कुणाचीही बाजू घेत नाही, पण या खेळानंतर कुठल्याही खिडकीसमोर उभं राहताना मी कागद आधी क्रमाने लावून ठेवतो.

'स्टार्ड्यू व्हॅली' म्हणजे शेती. शेतकऱ्याने ती कॉम्प्युटरवर कशाला करायची?

निपाणीकडचा माझा आतेभाऊ एक आठवडा खेळला. एरिक बॅरोन या एकाच माणसाने साडेचार वर्षं खपून चित्रं, संगीत, कोड सगळं केलं आणि २०१६ मध्ये काढला, हे ऐकून त्याला आदर वाटला. मग त्याने पार्सनिपचं (गाजरासारखा एक कंद) बी २० ला घेतलं, चार दिवसांनी ३५ ला विकलं. पेटीत माल टाकला, झोपला, सकाळी पैसे जमा. अडत नाही, वजनात मारामारी नाही, ऊस घालून बिलाची वाट बघणं नाही. "दादा, ही शेती नव्हं, हे स्वप्न हाय," म्हणाला. त्याला मासेमारी मात्र जमली नाही, शिव्या देऊन बंद केला.

मला तो आवडतो, पण आयडल नाही म्हणून दमवतो. रोज सकाळी झारीने पाणी घाला. स्प्रिंकलर येईपर्यंत ते मजुरीच आहे.

तू कारखान्यात काम करतोस, मग घरी येऊन 'फॅक्टोरिओ' कसा खेळवतो?

कारण तिथे ऑपरेटर रजेवर जात नाही. झेक प्रजासत्ताकातल्या वुबे सॉफ्टवेअरचा, कारखाना उभारायचा खेळ. पट्ट्यांवरून लोखंड, तांबं, सर्किट. एक पट्टा कमी पडला की मागचं सगळं तुंबतं आणि चूक दिसते तिथे नसतेच, तीन यंत्रं अलीकडे असते. आमच्या सुपरवायझर साहेबांना दाखवला, ते म्हणाले, "हे ट्रेनिंगला का नाही देत?" सेलमध्ये कधीच येत नाही, वाट बघू नका. डेमो फुकट आहे आणि भरपूर मोठा आहे.

मराठीत किंवा कन्नडमध्ये असे खेळ आहेत का?

फार थोडे. आळस हे कारण आहेच, पण तांत्रिक कारणही आहे. 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते, पण फाइलमध्ये ती क च्या नंतर साठवलेली असते. जोडाक्षरांचे आकार तर पूर्ण बदलतात. कन्नडच्या ओत्ताक्षरांचंही (खाली लिहायच्या जोडाक्षरांचंही) तेच. अक्षरं अशी जुळवायला वेगळी यंत्रणा लागते, आणि बऱ्याच गेम इंजिनांत, म्हणजे खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरांत, ती नसते. मग 'क्लिक' चे सुटे तुकडे पडद्यावर दिसतात. २०२३ पासून गोडो ४ या इंजिनात ही सोय आलीय. बेळगावच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना माझं सांगणं आहे: पहिला आयडल गेम त्यात करा, एक बटण आणि एक आकडाच तर लागतो.

आपल्याकडचं म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०) बघा. वाडे, झरोके, भिंतीवरची चित्रं डोळे भरून पाहण्यासारखी. मारामारी मात्र जड हाताची आहे. आणि 'वेंबा' (२०२३): कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब आणि आईच्या वहीतल्या पुसट झालेल्या पाककृती. इडलीपात्रात पीठ घालून थर कसे रचायचे हे कोडं आहे. आमच्या घरी आईने बघता क्षणी सोडवलं, आयुष्यातला तिचा पहिला गेम. दीड-दोन तासांत संपतो, त्या मानाने किंमत जास्त आहे.

पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून काय करू?

स्टीमवर किंमत रुपयांत दिसते, यूपीआय चालतं. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. आयडल गेमला यात एक खोच आहे: एकदा रात्री उघडा ठेवलात की दोन तास झोपेतच संपतात. नवीन घेतलेला खेळ पहिल्या दिवशी बंद करून झोपा.

चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर काय चालेल?

वर सांगितलेले ब्राउझरवाले सगळे. पेपर्स प्लीज, स्टार्ड्यू, बलाट्रो आरामात. फॅक्टोरिओ नको.

'हॉलो नाइट' फार अवघड आहे का?

हो.

सध्या काय चालू आहे?

'रस्टीज रिटायरमेंट'. २०२४ चा. पडद्याच्या तळाला एक पट्टी होऊन बसतो. त्यात एक म्हातारा रोबो शेती करतो, वर मी घरी बसून कामाची ड्रॉइंग बघतो. मधूनच एक नवीन वाफा आखून द्यायचा, बाकी तो बघतो. त्यात एक फोकस मोडही आहे, तो लावला की सगळं हळू पिकतं, म्हणजे सारखं खाली बघावं लागत नाही. मेल्व्हरही उघडा असतो, पण त्याच्याबद्दल विचारू नका, त्याचं उत्तर याच्याइतकंच लांब होईल.